केशरबाई नको म्हणाल्या होत्या

केशरबाई आमच्या दवाखान्यात रोग्यांना भूल द्यायच्या. आता तालुक्याच्या गावीसुद्धा त्यासाठी वेगळे डॉक्टर असतात. त्या काळी ज्याचा हात रिकामा असेल त्याच्याकडे ते काम जाई. कंपाउंडर, नर्स, अगदीच कुणी नसलं तर रोग्याबरोबर आलेला मेव्हणासुद्धा. तारेच्या जाळीवर कापडाची घडी घालायची, ती नाकातोंडावर धरायची आणि वरून क्लोरोफॉर्मचे थेंब सोडायचे. यात शिकण्यासारखं काय आहे, असं सगळ्यांना वाटे. केशरबाईंना तसं वाटत नसे.

दवाखाना मुळा नदीच्या काठी, राहुरीपासून दोन कोसांवर. गावातल्या सधन मंडळींनी कमिटी करून बांधलेला, बारा खाटांचा. डॉक्टर म्हणजे माझे वडील, दत्तोपंत. मी त्यांची थोरली मुलगी प्रेमला. नगरला राहून मॅट्रिक झाले आणि लग्न ठरेपर्यंत घरी बसण्यापेक्षा रोज सकाळी दवाखान्यात केसपेपर लिहायला जाऊ लागले. त्यामुळे पुढचं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

केशरबाई आल्या १९३४ साली. हिवरे बाजारच्या बाजूच्या, कोरडवाहू मुलखातल्या. वय पंचविशीचं, नवरा वारलेला, मूलबाळ नाही. वडिलांनी झाडलोटीला ठेवलं. वर्षभरात त्या जखमा धुवायला लागल्या, दोन वर्षांत बाळंतपणं करायला लागल्या. एकदा ऑपरेशनच्या वेळी कंपाउंडर मच्छिंद्र तापानं आडवा होता, म्हणून वडिलांनी जाळी त्यांच्या हातात दिली. त्या दिवसापासून ती त्यांच्याकडेच राहिली. वडील घरी सांगत, "ही बाई जाळी धरते तेव्हा मला रोग्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. मी खाली बघून कापतो."

केशरबाईंना अक्षरओळख नव्हती. बाटल्यांवरची नावं वाचता यावीत म्हणून त्या माझ्याकडे शिकल्या. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची, त्या माझ्या दुपटीहून मोठ्या, तरी "पमाताई, ह्यो 'ई' का 'ए'?" असं पाटी पुढे करून विचारायच्या. वडील त्यांना तोंडी शिकवत. क्लोरोफॉर्म हृदयावर जातं, लिव्हरवर जातं. ईथर हृदयाला सोसतं, पण छातीत कफ असेल तर घात करतं, आणि जवळ दिवा असेल तर पेटतं. लघवीत साखर असेल त्याला उपाशी ठेवायचं तेही बेतानं. हे सगळं त्यांनी पाठ केलं आणि त्यात स्वतःची भर घातली. डॉक्टर छातीला नळी लावून जे शोधत ते केशरबाई गप्पा मारून काढून घेत.

आदल्या दिवशी त्या रोग्याच्या खाटेजवळ जमिनीवर बसत आणि विचारत, "रातच्याला आडवं झोपता का बसून? उशा किती लागत्यात? पायतान सांजच्याला घट्ट हुतं का? चढावर किती बारी थांबता? पेता का? खरं सांगा, मी बायकूला सांगनार न्हाई." रोग्याला वाटे बाई चौकस आहे. सकाळी त्या वडिलांना सांगत, "सायेब, ह्याला आज नको. ह्याचं काळीज धड न्हाई." वडील तपासत, आणि बहुतेक वेळा ते खरं निघे. मग औषधपाणी करून ऑपरेशन पुढे जाई, किंवा ईथर वापरलं जाई, किंवा तेवढाच भाग बधिर करून काम भागवत.

यात त्यांना शिव्याच जास्त मिळाल्या. पाथर्डीकडचा गोरक्ष नावाचा पैलवान मांडीतलं गळू कापायला आला होता. काही खाल्लं नाही म्हणून त्यानं देवाची शपथ घेतली. केशरबाईंनी त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि म्हणाल्या, "कांदा-भाकर हाय पोटात. उद्या या." त्यानं दवाखाना डोक्यावर घेतला. एका मास्तरांना लघवीत साखर निघाली म्हणून आठ दिवस थांबवलं, तर त्यांनी कमिटीकडे लेखी तक्रार केली की एक अडाणी बाई सुशिक्षित माणसाला ताटकळत ठेवते. दोघेही पुढे बरे होऊन गेले. थांबल्यामुळे आपण वाचलो, असं वाचलेल्या माणसाला कधी कळत नाही. त्याला फक्त ताटकळणं आठवतं.

आधी काय खाल्लं, हा प्रश्न त्या इतक्या हट्टानं का विचारायच्या, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. आम्ही दोघी कापसाचे बोळे करत बसलो होतो. त्यांच्या नवऱ्याच्या पायात काटा मोडून पाय सुजला होता, म्हणून बैलगाडीतून शहराकडच्या एका डॉक्टरकडे नेलं. दुपारी कापू म्हणाले. "सकाळधरनं उपाशी हुता," केशरबाई म्हणाल्या. "मला वाटलं, आंगात ताकद पायजे. बाजरीची भाकर अन् दूध चारलं. मीच चारलं, हातानं. खाऊ नका आसं कुनीच सांगितलं न्हाई. भूल दिल्यावर त्याला वांती झाली आन् ती छातीत गेली." त्यांनी पुढचा बोळा हातात घेतला. "डाक्तर म्हनला, नशीब."

यानंतर मी त्यांना कधी 'किती प्रश्न विचारता' असं म्हटलं नाही.

लिहिता यायला लागल्यावर त्यांनी एक वही घातली. रोग्याचं नाव, गाव, काय खाल्लं, नाडी कशी, आधीचा आजार कोणता, कोणतं औषध दिलं, किती वेळात शुद्धीवर आला. १९४३ च्या चैत्रापर्यंत, सात वर्षांत, सहाशेच्या वर माणसं त्यांच्या हाताखालून गेली. टेबलावर एकही गेलं नाही.

१९४१ साली वडिलांचा हात थरथरू लागला. त्यांनी चाकू खाली ठेवला आणि कमिटीवर जाऊन बसले. त्यांच्या जागी पुण्याहून डॉक्टर माधवराव आले. पस्तिशीचे, मोठ्या परीक्षा पास झालेले, आणि हात खरोखर विलक्षण चपळ. वडील ज्या कामाला तास लावत ते माधवराव वीस मिनिटांत करत. लांबलांबून रोगी यायला लागले. कमिटी खूश होती. केशरबाईही म्हणायच्या, "हात देवाचा हाय. कान तेवढा न्हाई."

पहिल्या महिन्यातच त्यांनी "याला दोन दिवस थांबू या" म्हटलं, तेव्हा माधवराव हसून म्हणाले, "केशरबाई, तुमचं काम झोपवण्याचं. कुणाला झोपवायचं ते मी ठरवतो." तरीही दोन वर्षं कशीबशी निभली. कधी ते ऐकत, कधी ऐकत नसत. ऐकत नसत तेव्हा केशरबाई थेंब मोजून सोडत आणि रोगी शुद्धीवर येईपर्यंत त्याच्या उशाशी बसत.

१९४३ च्या चैत्रात देवळाली प्रवऱ्याकडचे बागायतदार आबासाहेब दाखल झाले. वय पन्नाशीच्या पुढे, अंगानं भरलेले, पाटावरचा पंचवीस एकर ऊस, कमिटीतल्या दोघांचे सोयरे. दोन वर्षांपासून अंतर्गळ, म्हणजे हर्निया होता. अक्षय्य तृतीयेला मुलीचं लग्न होतं, आणि मांडवात पट्टा बांधून फिरायचं नाही असं त्यांनी मनात घेतलेलं. दुखत नव्हतं, आतडं अडकलेलं नव्हतं. लग्नानंतर केलं असतं तरी चाललं असतं.

आदल्या संध्याकाळी केशरबाई त्यांच्या खाटेजवळ बसल्या. मी पलीकडच्या खाटेचा कागद लिहीत होते. आबासाहेब मोकळ्या स्वभावाचे होते. "झोप कशाची बाई," ते म्हणाले, "तीन उशा लागत्यात. आडवं झालं की दम कोंडतो. मळ्यातनं घरी येस्तोवर दोन बारी बसावं लागतं. छातीवर कुनी पाय ठिवल्यागत हुतं. आता वय झालं, दुसरं काय?" केशरबाईंनी त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला. मग त्यांनी कितीतरी वेळ नाडी धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात त्या माधवरावांना आडव्या आल्या. मच्छिंद्र उकळलेली हत्यारं घेऊन दारात उभा होता. मी चार हातांवर माझ्या टेबलाशी होते.

"सायेब, आबासायबांना आज नको."

"काय झालं?"

"काळीज थकलंय. तीन उशा लागत्यात. पायाला सूज हाय. नाडी मधीच ठोका गाळती. क्लोरोफार्म त्यांना सोसनार न्हाई."

माधवराव आत गेले, सदऱ्यावरूनच नळी लावली आणि बाहेर आले. "वयाच्या मानानं ठीक आहे."

"मंग ईथर द्या."

"अर्धी बाटली उरली आहे. लढाईमुळे पुढची कधी येईल ठाऊक नाही. ती मी अडलेल्या बायकांसाठी ठेवली आहे."

"मंग सुईनं बधिर करा. तुमी कापा, मी उशाशी बसून बोलत ऱ्हाते त्येंच्याशी."

आतून आबासाहेबांनी ऐकलं असावं. ते म्हणाले, "मला जागं ठिवून कापायचं न्हाई हां डाक्तर. झोपवा मला."

"ऐकलंत?" माधवराव म्हणाले. "त्यांचे पाहुणे बाहेर बसलेत. आज सांगून उद्या करतो म्हटलं तर काय तोंड दाखवू? चला."

केशरबाई जागच्या हलल्या नाहीत. "माझं मन घेत न्हाई, सायेब."

"मग मच्छिंद्र जाळी धरेल."

मच्छिंद्रनं गेल्या सात वर्षांत दोन-तीनदाच जाळी धरली होती, तीही धडधाकट पोरांवर. केशरबाईंनी त्याच्याकडे बघितलं. मला वाटतं, त्याच क्षणी त्यांनी ठरवलं की हे होणारच असेल तर निदान जाणत्या हातानं व्हावं. त्या आत गेल्या.

दार अर्धवट उघडं होतं. आबासाहेब आकडे मोजत होते ते मला ऐकू येत होतं. सोळापर्यंत मोजले, मग जीभ जड झाली, मग काहीतरी पुटपुटले आणि धडपडले. माधवराव हात धूत होते. चाकू अजून लागलाही नव्हता. तेवढ्यात केशरबाईंचा आवाज आला, नेहमीसारखाच, जरासुद्धा न चढलेला. "सायेब, नाडी गेली."

त्यांनी जाळी फेकून दिली होती. मान मागे करून जीभ ओढून धरली होती. माधवरावांनी दोन्ही हात धरून वरखाली केले, छाती दाबली, हृदयात सुई दिली. पाऊण तास ते सोडत नव्हते. तेवढं त्यांच्याबद्दल सांगितलंच पाहिजे. मग ते थांबले. बाहेर पाहुण्यांचा चहा चालला होता.

आठ दिवसांनी कमिटी बसली. अध्यक्ष काकासाहेब, आणखी चौघे, आणि वडील. आबासाहेबांच्या माणसांना कुणाचं तरी नाव हवं होतं. माधवरावांनी सांगितलं, "भूल देण्याचं काम संपूर्णपणे नर्सकडे होतं. मी हात धूत होतो. थेंब किती सोडले ते त्यांनाच माहीत. प्रकृतीबद्दल मला काहीही सांगण्यात आलं नव्हतं."

केशरबाई म्हणाल्या, "सांगितलं हुतं. मच्छिंद्र हुता तितं."

मच्छिंद्रला बोलावलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मी हत्यारं मांडत हुतो. मला काय ऐकू आलं न्हाई." त्याला चार लेकरं होती.

मग केशरबाईंनी वही पुढे केली. त्या पानावर आदल्या रात्रीच लिहिलेलं होतं, त्यांच्या वाकड्या बालबोध अक्षरात: 'तीन उशा. पाय सूज. नाडी ठोका गाळते. क्लोरोफार्म नको.' काकासाहेबांनी चष्मा लावून वाचलं आणि वही परत सरकवली. "हे तुम्ही नंतरही लिहिलं असेल. आपल्याच हातचं आपल्याला साक्षीला कसं चालेल?"

हे सगळं मला नंतर वडिलांकडून कळलं. मी त्या खोलीत नव्हते. बैठकीच्या आदल्या दिवशी मी वडिलांना म्हटलं होतं, "मी प्रत्येक शब्द ऐकला आहे. मी येऊन सांगते." ते म्हणाले, "माधवराव गेले तर इथे दुसरा सर्जन येणार नाही. दवाखाना बंद पडेल. आणि तुझ्या लग्नाचं नगरला बोलणं चाललं आहे. चारचौघांत साक्ष देणारी मुलगी त्यांना चालेल का, याचा विचार कर. तू यायचं नाहीस." मी विचार केला. मी गेले नाही. वडील बैठकीत बसले, केशरबाईंना ज्यांनी नाडी धरायला शिकवलं ते, आणि एक शब्द बोलले नाहीत. काकासाहेबांनी मत विचारलं तेव्हा त्यांनी केशरबाईंच्या विरुद्ध हात वर केला.

केशरबाईंना निष्काळजीपणाबद्दल काढून टाकलं. पोलिसात देत नाही हे उपकार समजा, असंही सांगितलं. त्या आमच्या घरी आल्या, ओसरीच्या खाली उभ्या राहिल्या. वडील आतून बाहेर आले नाहीत. मी पाणी दिलं. त्या प्यायल्या, तांब्या खाली ठेवला. "जाते, पमाताई," एवढंच म्हणाल्या.

त्याच वर्षी माझं लग्न झालं. सासर नगरचं. सासरचे लोक वाईट नव्हते, एवढंच त्याबद्दल सांगण्यासारखं आहे.

केशरबाई कुठे गेल्या, काय करत होत्या, ते मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. माहेरी भावाच्या रानात राबत होत्या. कुणाचं बाळंतपण अडलं तर बोलावणं येई. पण 'आबासाहेबांना मारलेली बाई' ही ओळख तिकडेही पोचली होती, आणि कित्येक घरची माणसं त्यांना दारातून परत पाठवत.

१९४६ च्या थंडीत मी माहेरी आले होते. माधवरावांच्या पत्नी नीलांबरीबाई आजारी होत्या. त्यांना कित्येक वर्षांपासून मधुमेह होता, आणि आता पाठीवर तळहाताएवढी काळपुळी उठली होती. आतला पू काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. एव्हाना दवाखान्यात पुण्याहून शिकून आलेला एक सहायक डॉक्टर होता. तो भूल देत असे. पण माधवरावांनी त्याला सांगितलं नाही. त्यांनी मोटार पाठवली ती केशरबाईंना आणायला.

त्या माणसाला पहिल्यापासून माहीत होतं तर. कुणाच्या हातात माणूस सुरक्षित राहतो, हे त्याला सगळ्यांपेक्षा चांगलं माहीत होतं.

मी धावत दवाखान्यात गेले. केशरबाई व्हरांड्यात उभ्या होत्या. केस पांढरे झाले होते, हाताला भेगा पडल्या होत्या. माधवराव समोर होते, तीन-चार रात्री झोप नसल्यासारखे.

"सायेब," केशरबाई म्हणाल्या, "मी सांगितलं हुतं, येवढं एका कागदावर लिवून द्या. दुसरं काय नगं."

"आधी हिचं होऊ दे," माधवराव म्हणाले. "मग बघू."

मी केशरबाईंच्या कानाशी लागले. "आधी लिहून घ्या. नाहीतर हात लावू नका." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी मागे सरले.

"त्या बाईनं माझं काय केलंय?" त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

नीलांबरीबाईंच्या उशाशी जमिनीवर बसून त्यांनी तेच सगळे प्रश्न विचारले. बाहेर येऊन म्हणाल्या, "आज न्हाई. साखर खाली येऊ द्या. दोन दिस इन्सुलिन द्या, सहा-सहा तासांनी लघवी तपासा. उपाशी ठिवायचं त्ये नेमकं ठिवा, जास्ती न्हाई. क्लोरोफार्म अजाबात नको. ईथर, त्येबी हलकं." माधवराव मान हलवत होते. प्रत्येक गोष्ट त्यांनी तशीच केली. दोन दिवस थांबा म्हटल्यावर दोन दिवस थांबले, आणि तिसऱ्या दिवशीही लघवीत साखर जास्त निघाली तर आणखी एक दिवस थांबले.

चौथ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. रोगी कुशीवर, म्हणून जाळी धरायला अवघड. केशरबाई गुडघ्यांवर बसल्या होत्या, एक हात जबड्याखाली, कानाजवळच्या नाडीवर बोट. अठरा मिनिटं. नीलांबरीबाई अर्ध्या तासात शुद्धीवर आल्या आणि त्यांनी पाणी मागितलं. केशरबाई संध्याकाळपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

जाताना माधवरावांनी त्यांना चांगलं लुगडं दिलं. कागदाचं नाव काढलं नाही. केशरबाईंनीही दुसऱ्यांदा मागितला नाही. लुगडं त्यांनी खाटेवर ठेवलं आणि फाटकाबाहेर उभ्या असलेल्या मोटारीत न बसता चालत निघाल्या.

घरी येऊन मी वडिलांना विचारलं, "आता तरी काकासाहेबांशी बोलाल?" त्यांना तेव्हा नीट दिसतही नव्हतं. ते म्हणाले, "दवाखाना चालू आहे ना? वर्षाला हजारो माणसं बरी होतात." ते खरंच होतं. पुढच्या वर्षी ते वारले. दवाखान्यात त्यांचा फोटो लागला.

१९४९ साली मी केशरबाईंना शोधत त्यांच्या गावी गेले. त्या कांद्याच्या वाफ्यात खुरपत होत्या. बांधावर बसून मी त्यांना सांगितलं, की त्या सकाळी मी सगळं ऐकलं होतं, वडिलांना सांगितलंही होतं, आणि त्यांनी अडवल्यावर गप्प बसले. इतकी वर्षं मी हे कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत होते.

"ठावं हाय मला," केशरबाई म्हणाल्या. "तुमच्या टेबलाकडं माझं त्वांड हुतं तवा. तुमची लेखनी थांबली हुती."

"मी आता लिहून काढते," मी म्हटलं. "तुम्ही नको म्हणाला होता, हे लिहून सगळ्यांना पाठवते. कमिटीला, वर्तमानपत्राला."

त्या खुरपं बाजूला ठेवून माझ्याकडे वळल्या. रागावल्या नव्हत्या. "लिवा. पन नीट लिवा. मी नको म्हनले, त्ये लिवा. आन् नको म्हनून बी जाळी धरली, त्येबी लिवा. मच्छिंद्र धरील म्हनल्यावर मी दारात आडवी पडाया पायजे हुते. पडले न्हाई. नोकरीचं भ्या मला बी हुतं, पमाताई. त्यो मानूस सोळा म्हनला, सतरा म्हनला न्हाई. त्ये माझ्या हाताखाली झालं. कुनाच्या कागदानं त्ये काय पुसत न्हाई."

"आणि माझं?" मी विचारलं.

"तुमचं तुमी लिवा."

त्यांनी भाकरी सोडली, अर्धी मला दिली. त्या सावकाश खात होत्या आणि या साली कांद्यावर पडलेल्या रोगाबद्दल सांगत होत्या. उन्हं कलल्यावर मी मोटार गाठायला सडकेकडे निघाले.

मी काही पाठवलं नाही. काकासाहेब तेव्हा माझ्या सासऱ्यांच्या संस्थेवर होते. हे लिहिते आहे तेव्हा त्यातलं कुणीही उरलेलं नाही, केशरबाईही नाहीत, आणि आता लिहायला काही धैर्य लागत नाही.